हरेश्वरचे डोहाळे

पोटातल्या गाठीवर आता इलाज नाही, असं सांगून मुंबईच्या डॉक्टरांनी श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातल्या हरेश्वरला घरी पाठवलं, आणि घरी आल्यावर त्याला काहीबाही खावंसं वाटू लागलं. जन्मभर ताटात पडेल ते मुकाट खाणारा माणूस. एक दिवस भाजलेला सुका बोंबील हवा, दुसऱ्या दिवशी कोवळी तवशाची काकडी. आणलेलं दोन घासांपुढे जात नसे, पण हवं म्हणजे हवंच. त्याची बायको नलू मासळीची पाटी विकून झाली की उन्हातान्हात तेच शोधत फिरायची.

शेजारची कमळ एकदा सहज म्हणाली, "हरेश्वरला डोहाळे लागलेत गं." तिच्या मनात काही नव्हतं. पण नलूला तो शब्द लागला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. किती सुनांच्या डोहाळजेवणाला तिने वडे तळून दिले होते. ओटी भरायला मात्र तिला कोणी पुढे बोलावलं नव्हतं.

दत्तात्रेय मास्तर निवृत्त झाल्यापासून रोज हरेश्वरला पेपर वाचून दाखवायला यायचे. नलूने त्यांना विचारलं, हा शब्द पुरुषाला लावतात का? लावतात, मास्तर म्हणाले. हट्टाने स्वतःचं वाटोळं करून घेणाऱ्याला भिकेचे डोहाळे लागले म्हणतात. मूळ शब्द संस्कृतातला, दोहद. जुने वैद्य म्हणायचे, गरोदर बाईत दोन काळजं असतात, एक तिचं आणि एक आतल्याचं. तिला हवंसं वाटतं ते आतला जीव मागत असतो, म्हणून नाही म्हणू नये.

बोलून गेल्यावर मास्तर ओशाळले. खाटेवरचा हरेश्वर डोळे मिटूनच म्हणाला, "माझ्या आत तर गाठ हाय, मास्तर. मंग ती मागते म्हनायची."

नलू म्हणाली, "मागू दे. माझ्या घरात आजवर असं कुनी मागितलंच न्हाय."

हरेश्वरने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "कालवं खावीशी वाटतात."

दुपारच्या ओहोटीला ती कोयता घेऊन खडकांवर गेली. कालवं फोडायची सवय मोडली होती. शिंपल्याच्या धारेने तळहात कापला, तरी वाटीभर निघाली. हळद-मिठात शिजवून तिने त्याला भरवली. एकच गिळता आलं. बाकीचा नुसता रस त्याने चमच्याने घेतला आणि गोड आहेत म्हणाला.

पुढे अकरा दिवस तो काही ना काही मागत राहिला. बाराव्या सकाळी नलूने विचारलं, "आज काय आनू?"

"कायच नको."

शहाळं? पेज? फणसाची भाजी? प्रत्येक नावाला त्याने मान हलवली. नलूने पाटी उचललीच नाही. बाजाराला जाताना कमळने हाक मारली, तिला हातानेच नको म्हटलं आणि खाटेशी बसून राहिली. दिवस कलताना हरेश्वर गेला.

भेटायला आलेल्या बायकांनी विचारलं, शेवटी त्याने काय मागितलं होतं? नलू म्हणाली, काही नाही. आणि तेवढं बोलल्यावर तिला पहिल्यांदा रडू फुटलं.