फुलपाखराला ऊन लागतं

गच्चीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत वहिनी बसली होती आणि तिच्या दोन्ही गालांवर, नाकावरून जोडलेलं, लालभडक फुलपाखरू उमटलं होतं.

"पाहा, आकाशाचा दूत!" महाराज गरजले. "सोमवारी उन्हात आसन, बुधवारी पंख! कुणाला शंका आहे?"

शंका नणंदेला होती. ती धुलाईच्या दुकानात डाग काढायची.

"हिचे पाय सुजलेत, सांधे दुखतात, रोज कणकण असते, ते का?"

"शक्तीचा भार! सांधे तर दुखणारच, तेज काय हलकं असतं?"

"मग तुमचे बरे ठणठणीत?"

कुणीतरी फिसकन हसलं. "गप्प बस," तिचा भाऊ, वहिनीचा नवरा, ओरडला, "घराला पुण्य लाभलंय!"

नणंद गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच. दुकानात प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लागायची: डाग कधी पडला, त्याआधी काय झालं? महिनाभर तिने घरच्या कॅलेंडरवर तेच केलं होतं. तिने ते सगळ्यांसमोर धरलं.

"गच्चीवर आसन, की दोन दिवसांत गाल लाल. आठ दिवस आतल्या खोलीत मौन, की फिकट. आणि ही तारीख बघा. महाराज परगावी. मंत्र नाही, आसन नाही. वहिनीने दुपारभर इथे गाद्या वाळवल्या, आणि दूत आपला हजर!"

महाराजांनी घसा खाकरला. "दूताला आकाश लागतं, बाई."

"ऊन लागतं. नाहीतर पुढच्या सोमवारी आत पडदे ओढून मंत्र म्हणा, येतोय का बघू."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावाचं बोलावणं आठवलं. त्यांनी काढता पाय घेतला.

नणंदेने वहिनीला दवाखान्यात नेलं. रक्त-लघवी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ल्युपस. शरीराची राखणदार यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. काहींच्या गालांवर असा चट्टा येतो आणि उन्हाने तो चेततो. संसर्ग नाही, शाप नाही, वरदान तर नाहीच. मूत्रपिंडांना त्रास सुरू झालाय. वेळेत आणलंत. औषध नियमित घ्यायचं, उन्हापासून जपायचं."

घरी हे ऐकून भावाचं तोंड एवढंसं झालं.

दोन महिन्यांनी सूज उतरली. तरी एक शेजारीण पाया पडायला आलीच. वहिनीने पाय मागे घेतले.

"मावशी, उन्हात बसवून तुम्ही सगळ्यांनी मला नमस्कार केलात. मला ताप होता. 'बरं वाटतंय का गं?' असं एकानेही विचारलं नाही."

मावशी ओशाळल्या.

गालावरचा प्रत्येक लाल चट्टा ल्युपस नसतो. पण चट्टा, थकवा, सांधेदुखी एकत्र आली तर डॉक्टर गाठा. आणि माणसापुढे हात जोडण्याआधी त्याची विचारपूस करा. त्याला अक्कल फार लागत नाही, माया पुरते.