वरच्या मजल्यावरचा तेलेस्फोर

तेलेस्फोर आजही खालचं दालन टाळून थेट वर गेला, तेव्हा स्मारकाची साफसफाई करणाऱ्या व्हेनेरांडाने पुसून झालेला जिना पुन्हा पुसायला घेतला.

खालच्या दालनात त्यांच्याच टेकडीवरच्या गावातली, मारली गेलेली माणसं होती. फोटो, चपला, जमात लिहिलेली ओळखपत्रं. वर दुसऱ्या देशांतले नरसंहार: नामिबिया, आर्मेनियन, ज्यू, कंबोडिया. स्मारकाला येणारे पाहुणे खालून रडून येत आणि वरचं दालन घाईत उरकत. तेलेस्फोर मात्र तुरुंगातून सुटल्यापासून नेमाने येई आणि ओठ हलवत एकेक फलक वाचत राही.

माहिती सांगणारी क्लॉडिन शाळेच्या मुलांना रोज समजावत असे. नामिबियात जर्मनांना जमीन आणि गुरं हवी होती. आर्मेनियन मारले गेले ते हरत चाललेल्या युद्धाच्या आडोशाने. कंबोडियात क्रांतीच्या नावाखाली चष्मा घालणाराही शत्रू ठरला. आपल्याकडे युद्ध, जमिनीची टंचाई, रेडिओ. व्हेनेरांडा फडकं पिळत हे ऐके. कारणं ऐकली की तिला वाटे, कुणाची तरी शिक्षा कमी होते आहे.

"मावशी, तुलना म्हणजे सगळं सारखं म्हणणं नव्हे," क्लॉडिन म्हणायची. "ताप मलेरियानेही येतो, टायफॉइडनेही. ओळखायला दोन्ही बघावे लागतात."

"तापात माणूस आजारी पडतो गं. इथे माणसं शेजाऱ्याच्या घरात शिरली. हा तेलेस्फोर वर सबबी गोळा करतोय. एप्रिलच्या स्मृतिसभेत उभा राहील आणि म्हणेल, सगळीकडेच झालंय, आम्ही काय एकटेच?"

एप्रिलमध्ये वर्षभरात सापडलेल्या अवशेषांचं दफन होई. व्हेनेरांडाचा भाऊ अलोईस कधीच सापडला नव्हता. गावाच्या न्यायालयात, गवतावर सगळ्यांसमोर, तेलेस्फोर म्हणाला होता की माणसं अडवून मारत त्या नाक्यावर तो होता खरा, पण अलोईसला कुठे नेलं ते त्याला ठाऊक नाही. नाही म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे मारत होते, असंही म्हणाला होता. ती घरी जाताना रोज त्याच्या वावरावरून जाई. रताळी पार रस्त्यापर्यंत आलेली, केळी दाट. फक्त कुंपणाशी खाटेएवढा तुकडा पडीक. तुरुंगाने आळशी केला, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आज ती बादली घेऊन वर गेली आणि त्याच्या पायाशीच फरशी पुसू लागली.

"काय शोधतोस रे?"

तो बाजूला झाला. "नाही म्हणणारे."

मग तो हळूहळू सांगत गेला. तुर्कांच्या एका अधिकाऱ्याने हुकूम पाळला नाही. त्याची बदली झाली. जर्मनांच्या एका पोलीस तुकडीत साहेबानेच विचारलं, कुणाला जमणार नसेल तर पुढे या. थोडे आले. त्यांना काही झालं नाही. "मला वाटलं होतं, एक तरी देश सापडेल, जिथे कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं."

"छान पाठ केलंयस. कुणासमोर म्हणायचंय?"

"आपल्या नाक्यावरही एक जण नाही म्हणाला होता. त्याला हसले. घरी जाऊ दिलं." तो फलकाकडेच बघत होता. "मी त्याच्या शेजारी उभा होतो."

मग तो म्हणाला, संध्याकाळी वावरात या. तिला तो सापळा वाटला. तिने क्लॉडिनला सोबत घेतलं.

त्याने केळ्याच्या दारूचा तुंबा आणला. पाजणाऱ्याने आधी प्यायचं, म्हणजे विषाची शंका राहत नाही. त्याने एक घोट घेतला, वेळूची नळी तिच्याकडे वळवली आणि तुंबा खाली ठेवला. मग तो कुदळ घेऊन कुंपणाशी गेला, त्या पडीक तुकड्याजवळ.

"इथे कधी काही लावलं नाही," तो म्हणाला.

क्लॉडिनने तोंडावर हात धरला. व्हेनेरांडा त्या खाटेएवढ्या गवताकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती अलोईसच्या उशाशेजारून जात होती.

त्याने कुदळ उचलली.

"ठेव ती," ती म्हणाली. "उद्या. सगळ्यांसमोर."

तिने क्लॉडिनला सरपंचाकडे पिटाळलं आणि स्वतः पडीक तुकड्याच्या कडेला पाय पसरून बसली.

"तुम्ही घरी जा," तेलेस्फोर म्हणाला. "मी काही हलवणार नाही."

"माहीत नाही मला ते."

तो पलीकडच्या कडेला बसला. तिने कमरेचं वरचं कापड सोडलं आणि झोपलेल्यावर घालतात तसं गवतावर अंथरलं. तुंब्यावरचा फेस विरून गेला. नळी तिच्याच बाजूला वळलेली होती.