थांबणारी बोट

वर्षाला मुलगी झाल्याचं नविनने फोनवर कळवलं. मी ते आईला सांगितलं तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली. त्या आठवड्यात बाबांनी बाजारात न्यायला कोंबड्या पकडल्या, तेव्हा तिने तांबडी तेवढी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला वेगळी बांधली.

"ही नाही विकायची."

"का?"

"नाही विकायची म्हणजे नाही."

वर्षा माझी धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी ती नविनबरोबर गेली. तो मासेमारी करणारा, विरारच्या बाजूला किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर राहणारा. कासाच्या डोंगरातली मुलगी खाऱ्या पाण्याच्या मधोमध जाऊन बसणार, हे आईला सोसलं नाही. तेव्हापासून घरात वर्षाचं नाव निघालं की आई उठून चुलीकडे जायची. चूल पेटलेली नसली तरी.

मग एका संध्याकाळी तिने विचारलं, "त्या बेटावर देवीचं देऊळ आहे म्हणतात. एका दिवसात जाऊन येता येतं काय?"

"येतं," मी म्हटलं. पुढे काही विचारलं नाही. तांबडी खुंटीला बांधलेली होती आणि रोज तिला वेगळे दाणे पडत होते.

मी चारोटीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझ्याबरोबर आगरचा उमेश आहे. त्याचे मामा त्याच बेटासमोरच्या धक्क्यावर बोट चालवतात, म्हणून मी त्याला विचारलं.

"दोन प्रकार आहेत, ताई," उमेश म्हणाला. "फेरीबोट किंवा स्पेशल. फेरी भरली की सुटते. गर्दी, बर्फाच्या लाद्या, गॅसचे सिलिंडर, सगळं एकत्र. संध्याकाळची शेवटची चुकली तर रात्र बेटावर. स्पेशल म्हणजे मामा तुमच्यासाठीच. तुम्ही याल तेव्हा निघणार, म्हणाल तोवर थांबणार."

"कितीही वेळ?"

"ओहोटीने बोट वाळूत टेकेपर्यंत. नंतर मामा तिथेच झोपतील."

माझ्या मनाने ताबडतोब स्पेशल ठरवली. तीन वर्षांनी समोरासमोर आलेल्या दोघींना पहिलं वाक्य सापडायला किती वेळ लागेल, हे मला सांगता येत नव्हतं. ज्याचं मोजमाप नाही त्याला मोकळी जागा ठेवावी, असं मला वाटतं. शिवाय आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गर्दीत तिला बसायला जागा मिळेल की नाही, हाही प्रश्न होता.

घरी सांगितलं तर आई चिडली.

"स्पेशल? कोण मेलंय?"

ते मला कळायला हवं होतं. आमच्या पाड्यावर माणसं शेअर जीपने जातात. मागे लटकून, मांडीवर मांडी घेऊन, पण शेअर. स्पेशल गाडी होते ती बाळंतीण अडली तर, साप चावला तर, नाहीतर मयत आणायची असेल तर.

"ही बोट आहे, आई. जीप नाही."

"नाव तेच ना? मी देवीला चालले. देवीला लोक कसे जातात, तसं जायचं."

बाबा कोपऱ्यात कोयत्याला धार लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, "कोंबडीला विचार. तिला काय जमतं ते."

रात्रभर आई कूस बदलत राहिली. मीही. सकाळी तिने पिशवीला भोक पाडून कोंबडीचं डोकं बाहेर काढलं, दुसऱ्या पिशवीत नवे तांदूळ भरले आणि आम्ही कासावरून एसटी धरली. वाटेत ती तीनदा म्हणाली की खिडकी बंद कर आणि दोनदा म्हणाली की उघड.

मी तिला न सांगता उमेशच्या मामांना थांबायला सांगून ठेवलं होतं. धक्क्यावर गेल्यावर ती स्वतःच बघेल आणि सोयीचं ते घेईल, असा माझा हिशेब होता. धक्क्याच्या एका बाजूला फेरीबोट भरत होती. दुसऱ्या बाजूला मामांची बोट, निळी ताडपत्री बांधलेली, मधोमध आईसाठी प्लास्टिकची खुर्ची. इंजिन चालू होतं. मामांनी हात केला.

"या मावशी, निवांत बसा. कोंबडीला पण खुर्ची आणू काय?"

आई पायरीवर उभी राहिली. तिने खुर्चीकडे पाहिलं, मग इंजिनाच्या धुराकडे. पिशवीतली कोंबडी पाय झाडत होती आणि आई तिला आवरत नव्हती.

"ते इंजिन बंद करायला सांग," ती म्हणाली.

मामांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं, आई?"

ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "ती गेली त्या दिवशी त्या पोराने स्पेशल जीप आणलेली. चिंचेखाली उभी. ती आत बसलेली. मी दार लावून घरात. मला वाटलं, जाईल एकदाची. गाडी जाईना. इंजिन चालूच. मी बाहेर यावं म्हणून थांबलेली. मी भाकरी थापत बसले. पीठ संपलं तरी ती उभीच."

वर्षा गेली तेव्हा मी कामावर होते. यातलं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"शेअर असती तर भरली आणि गेली, असं झालं असतं. माझ्यावर काही आलं नसतं. थांबलेल्या गाडीचं फार वाईट, सुषमा. ती बघत राहते." तिने पदर खोचला. "मला ती बोट नको. तिथे नाही जमलं तर फेरी सुटते म्हणून उठता येईल."

मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, खुर्ची घरचीच आहे."

फेरीवरचा तिकीटवाला कोंबडी बघून थबकला.

"हिचं तिकीट?" आईने विचारलं.

"तिकीट नाही. पण शिटली तर धुणार तुम्ही."

"तुझी माणसं काय कमी घाण करतात?"

"माणसांना पिशवीत घालता येत नाही, मावशी. जा, पुढे बसा."

जागा मिळाली ती बर्फाच्या पेटीवर. आईच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. मासे विकून परत चाललेली. बोट हलली तशी आईने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी घेतली. पाणी राखाडी होतं. मी समोरच्या किनाऱ्यावरची माडांची रांग बघत राहिले, कारण बोट लागू नये म्हणून न हलणाऱ्या गोष्टीकडे बघावं लागतं. आईला तेच सांगितलं. तिने डोळे मिटले.

"कोणाकडे?" हिरव्या लुगड्यातल्या बाईने विचारलं.

"देवीला," आई म्हणाली, डोळे मिटूनच.

"आमची देवी कोंबडी घेत नाही. नारळ घेते."

बाई गप्प बसणारी नव्हती.

"मग ही कोणाला?"

बोटीत इंजिनाचा आवाज होता, कुणाच्या तरी फोनवर गाणं चालू होतं, तरी आजूबाजूच्या चार जणांच्या माना इकडे वळल्या. आईने डोळे उघडले. मग म्हणाली, "लेकीला. बाळंत झाली."

तीन वर्षांत तिच्या तोंडून 'लेक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"कोणाची सून?"

"नविनची बायको," मी म्हटलं.

"वर्षा? अगो, मी बायजी, तिच्या शेजारची. तुम्ही तिची आई?" बायजीने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उशीर केलात हो. सवा महिना मीच न्हाऊ घातलं तिला. पोर रडकी आहे. रात्री माझ्या ओट्यावर आणून फिरवते."

"तीही लहानपणी अशीच रडायची," आई म्हणाली. "माझ्या खांद्याचं हाड दुखायचं."

उरलेल्या वाटेत त्या दोघी बोलत राहिल्या. तिचं दूध पुरतं का, तिला मासे साफ करता येतात का, सासू कशी आहे. मला कुणी काही विचारलं नाही. स्पेशलमध्ये आम्ही दोघी असतो, मामांची पाठ असती आणि ती खुर्ची.

वर्षा घरामागे बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले. मग उरलेले बोंबील तिने दोरीवर टाकून संपवले, हात धुतले, आणि "बसा," म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं. चहा आला. आईने कोंबडी दाराशी बांधली. कोंबडीचे पाय मोकळे करताना आईला फार वेळ लागला.

"रस्सा कर. मिरची कमी," ती दाराकडे तोंड करून म्हणाली.

"मला माहीत आहे."

"माहीत असेल."

असंच चालू राहिलं. मी घड्याळ बघत होते, आई दर थोड्या वेळाने उठून दाराबाहेर डोकावत होती, वर्षा एकच भांडं पुन्हा पुन्हा विसळत होती. पाळण्यात मुलगी झोपलेली. तिला उठवावं असं तिघींनाही वाटत होतं बहुतेक, पण कोणी हात लावला नाही.

शेवटच्या फेरीचा भोंगा वाजला तेव्हा आई लगेच उठली. तिची सुटका झाली होती. "चल, सुषमा. सुटेल."

भोंग्याने मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. वर्षाचे हात ओले होते. आई पाळण्याच्या अगदी जवळ उभी होती. तिने मुलीला उचललं आणि खांद्यावर टाकलं.

"मी धक्क्यापर्यंत येते," वर्षा म्हणाली, हात पुसत.

आम्ही चौघी निघालो. आई पुढे, मुलीला थोपटत, भराभर. धक्क्यावर बोट भरत आली होती. मी चढले, बर्फाच्या पेटीवर आईसाठी जागा धरली आणि हात पुढे केला.

आई खालीच थांबली. मुलगी अजून हुंदके देत होती. वर्षाने हात पुढे केले, पण मागितली नाही. आईनेही दिली नाही. ती वर्षाच्या चेहऱ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"मावशी, येताय का?" तिकीटवाला ओरडला. "आम्ही थांबत नाही हां."

"जा," आई म्हणाली. एवढंच. शांतपणे, जीप भरल्यावर म्हणतात तसं.

दोर सुटला. मी उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले. धक्क्यावर वर्षाचा हात आईच्या पाठीवर गेलेला दिसला, की मुलीच्या पाठीवर, हे एवढ्या अंतरावरून नक्की सांगता येणार नाही.

पर्समध्ये रुमाल शोधताना आईच्या गोळ्या हाताला लागल्या. रात्रीची एक, सकाळची एक. तेवढ्यात उमेशचा फोन आला.

"ताई, मामा अजून अलीकडच्या धक्क्यावरच आहेत. फेरीवाल्यांनी त्यांना फोन केला, आई मागे राहिली म्हणे? जाऊन घेऊन येऊ दे काय? ते थांबतील."

"नको," मी म्हटलं. "थांबू नका म्हणावं."

मग मी तिकीटवाल्याकडे गेले. "उद्याची पहिली फेरी किती वाजता?"

"भरतीवर आहे. का?"

मी गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातात दिली. "नविनच्या घरी द्यायच्या. तांबडी कोंबडी आणलेल्या बाईला."

त्याने त्या शर्टाच्या खिशात टाकल्या. खिसा फाटका तर नाही ना, हे मी किनारा येईपर्यंत बघत राहिले.