प्रेमलालचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वय विचाराल तर फक्त सहा वर्षं. पण आमच्या जातीत सहा वर्षं म्हणजे पिकलेले केस. बालाघाटला बंडोपंतांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर मी बसलेला असतो. आपली गोष्ट सांगताना लोक कौतुकाने सुरुवात करतात. माझी मान मात्र सुरुवातीपासूनच खाली आहे, आणि ती का, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. बंडोपंतांची मुलगी वैदेही हिने माझा एकेक भाग निवडून मागवला आणि चार दिवस जमिनीवर सतरंजी पसरून मला जोडलं. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या होत्या. मला बनवलं होतं खेळांसाठी. धावत्या गाड्या, डोंगर, लढाया असं सगळं मी इतकं झरझर दाखवायचो की तिच्या मैत्रिणी खुर्च्या ओढून बसत आणि "क्या मशीन है यार!" म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी चढून गेलो होतो.

त्याच खोलीत कपाटाखाली आणखी एक संगणक होता. तो मळकट, बुटका आणि पडद्याशिवायचा होता. त्याला घरचा सर्व्हर म्हणत. तो कधी बंद होत नसे. घरातले फोटो, कागदपत्रं आणि बंडोपंतांनी जमवलेले आवाज तो सांभाळायचा.

हे आवाज कुणाचे, ते सांगतो. बंडोपंत पाटबंधारे खात्यात नोकरीला होते आणि रविवारी गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांत पंच म्हणून जायचे. तिथे माइकवर असायचा प्रेमलाल. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत तो कामाला होता, पण जिल्हाभर लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या आवाजाने. रामपायली असो की लालबर्रा, प्रेमलाल बोलायला लागला की रस्त्यावरची माणसं सायकली टेकवून आत यायची. बंडोपंत पंचाच्या टेबलावर एक छोटा रेकॉर्डर ठेवून द्यायचे. असं वीस वर्षांत सत्तर तासांचं बोलणं जमलं.

मग तीन वर्षांपूर्वी प्रेमलालच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, पण त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो गळ्याभोवती गमछा गुंडाळतो आणि शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी जवळ ठेवतो. जे बोलायचं ते खडूने लिहितो. तपासणीला बालाघाटला आला की तो बायको तुळसाबाईसोबत बंडोपंतांकडे यायचा, खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि स्वतःचा आवाज ऐकायचा. ऐकताना त्याचे ओठ हलायचे.

यंदा मार्चमध्येच ऊन तापलं. बुटका सर्व्हर म्हातारा झाला होता, मधेच धापा टाकून थांबायचा. वैदेही म्हणाली, "बाबा, दो मशीन कशाला? माझ्या मशीनमध्येच सर्व्हर बसवते. एकाच डब्यात दोन संगणक चालतील, एकमेकांना हात न लावता."

मित्रांनो, असं खरंच करता येतं. एका घराच्या मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडं राहावीत, तसं. एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला सर्व्हर. दोघांचं दार वेगळं, आणि कुणाला कोणती खोली द्यायची ते मालकाने ठरवायचं.

बंडोपंतांनी एकच विचारलं, "आवाजांची दुसरी प्रत ठेवली आहेस ना गं?"

"हो बाबा, सब है," ती म्हणाली. तिने फोटोंची प्रत ठेवली होती. आवाजांची फाइल मोठी होती, ती नंतर करू असं तिने ठरवलं होतं.

तिने सर्व्हरची डिस्क काढून माझ्यात बसवली. शेजारी खेळांसाठी एक नवी डिस्क बसवली. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. आणि वाटणी करताना तिच्या हातून अदलाबदल झाली. आवाजांची डिस्क खेळांच्या बाजूला गेली.

आता माझा गुन्हा ऐका. खेळांच्या बाजूला त्या डिस्कची लिपी वाचता येत नव्हती. मला वाचता आलं नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मी पडद्यावर विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी साफ करायची का? जणू तिच्यात काहीच नव्हतं. वैदेहीला वाटलं, नवी डिस्क आहे, विचारणारच. तिने "हो" दाबलं. पलीकडच्या बाजूने सर्व्हर ओरडत होता की माझी डिस्क सापडत नाही. ते मी नोंदवून ठेवलं, जिथे कुणी पाहत नाही अशा जागी. मग तिने एक भला मोठा खेळ उतरवायला लावला. तो दिवसभर उतरत राहिला, आणि मी मोठ्या इमानाने तो प्रेमलालच्या आवाजावर लिहीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वैदेहीला कळलं. हरवलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम तिने आठवडाभर माझ्यावर चालवले. मी कोपरान् कोपरा धुंडाळला. हाती आली ती नुसती खरखर. वडिलांना ती काही बोलली नाही. मलाही बोलता येत नव्हतं.

तो आठवडा संपला त्या रविवारी प्रेमलाल आणि तुळसाबाई आले. या वेळी सोबत त्यांची पाच वर्षांची नात खुशी होती. ती जबलपूरला राहायची. आजोबांचा आवाज गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती, तो तिला आठवतच नव्हता. बंडोपंतांनीच आग्रहाने बोलावलं होतं.

"लाव गं," ते म्हणाले.

वैदेही माझ्याकडे पाहत म्हणाली, "काका, मशीन बिगड गई आहे. पुढच्या वेळी नक्की."

मी बिघडलो नव्हतो. माझे निळे दिवे लखलखत होते. ते विझवता आले असते तर मी विझवले असते. प्रेमलालने हसून पाटीवर लिहिलं, "काही हरकत नाही." ते उकव्याच्या बसला निघून गेले.

ते गेल्यावर वैदेही रडली आणि तिने सगळं सांगितलं. बंडोपंत म्हणाले, "चूक माझ्याकडूनही झाली असती. पण ते समोर बसले होते, वैदेही. तेव्हा बोलायचं होतं."

महिन्याने तिघं परत आले. वैदेहीने त्यांना बसूही दिलं नाही. उभ्यानेच म्हणाली, "काका, तुमचा आवाज माझ्या हातून पुसला गेला. मागच्या वेळी मी खोटं बोलले."

प्रेमलालने पाटीवर लिहिलं, "सगळा?"

"हो काका. सगळा."

त्याने तो शब्द बाहीने पुसला. बराच वेळ पुसत राहिला. तुळसाबाई म्हणाली, "मंग तवाच काहून नाही सांगतलं, बाई? या पोरीले रस्ताभर सांगत आणलं, आज आज्याचा आवाज ऐकशीन म्हणून. दोन खेपा आणलं. आता हिले काय सांगू?"

त्या दिवशी चहा तसाच थंड झाला. ते गेल्यावर वैदेहीने माझी तार काढली आणि माझ्यावर चादर टाकली. त्या काळोखात मला बरंच वाटलं.

पण वैदेही गप्प बसली नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ती स्कूटी काढायची आणि जिथे जिथे सामने व्हायचे त्या गावी जाऊन विचारायची, कुणाकडे प्रेमलालकाकांची रेकॉर्डिंग आहे का? लोकांना आवाज आठवत होता, पण ठेवला कुणीच नव्हता. शेवटी लालबर्राला फकिरा साउंडवाल्याच्या एका मोडक्या मिक्सरमध्ये जुनं मेमरी कार्ड सापडलं. त्यात चार मिनिटं होती. सामन्याची नाहीत, सामना सुरू व्हायच्या आधीची.

ती निरोप द्यायला स्वतः उकव्याला गेली. तुळसाबाई म्हणाली म्हणे, "हौ, येऊ. पण पोरीले आधी काही सांगणार नाही."

माझ्यावरची चादर निघाली. प्रेमलाल नेहमीच्या खुर्चीत बसला. खुशी खोलीच्या मधोमध उभी राहून भिंतीवरच्या पालीकडे पाहत होती. वैदेहीने बटण दाबलं.

"हॅलो... हॅलो... माइक टेस्टिंग... अरे फकिरा, आवाज वाढव बे थोडासा!" खोली भरून गेली. "ए लेकरायहो! सब बच्चे लाइन के पीछे! मांगं व्हा म्हणतो ना! चुन्याच्या रेघेवर कोणाचा पाय नको! ए छोटी, तुले वेगळं सांगू काय? मांगं!"

खुशी दचकली. तिने पायाखाली पाहिलं आणि पटकन दोन पावलं मागे सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. मग आजोबांकडे पाहून विचारलं, "आता बरोबर?"

प्रेमलालने मान डोलावली. त्याचे खांदे गदगदत होते. तो हसत होता, पण त्याचा काही आवाज येत नव्हता. तुळसाबाईने तोंडाला पदर लावला होता.

ती चार मिनिटं त्यांनी सहा वेळा ऐकली. आता ती माझ्याकडे आहेत, बंडोपंतांच्या फोनमध्ये आहेत आणि तुळसाबाईच्या मुलाकडे जबलपूरलाही आहेत. लोक म्हणतात, चला, काही तरी वाचलं. मी हिशेब विसरत नाही. सत्तर तास होते.

मित्रांनो, यंत्रावर प्रेम करा, पण त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबू नका. आम्हाला फाइलीचं वजन कळतं, आवाज कुणाचा ते कळत नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच जागी ठेवू नका. आणि हातून गेलंच, तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.