सरलाबाईंच्या पत्रातली ओळ

विजया सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. १९९४ साली तिचा पहिला कथासंग्रह निघाला आणि तिथल्या मराठी मंडळाने तिचं भाषण ठेवलं. चार दिवस खपून तिने ‘कथा आणि वास्तव’ यावर पंधरा पानं लिहून नेली. तिसऱ्याच पानाला पुढच्या रांगेतले गृहस्थ घड्याळ बघू लागले, बायकांत कुजबुज सुरू झाली.  विजयाने कागद मिटले.

“आमच्या इथल्या नवागाम वस्तीतल्या एका बाईंची गंमत सांगते.”

सभा सावरून बसली.

सरलाबाई तिच्या शाळेत झाडलोट करायच्या. नवरा भटू सुरतेतच कापडाच्या लूमवर कामाला. आईच्या आजारपणामुळे सहा महिने शिरपूरकडे गावी अडकलेला. सरलाबाईंना लिहिता येत नसे, म्हणून मधल्या सुट्टीत त्या विजयाला पत्र सांगत. एकदा मध्येच थांबून त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हळूच आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “लिहा ताई, तुन्हं घोरनं ऐकू येत नई, त मन्हा डोया लागत नई.”

तेच वाक्य विजयाने त्याच ठेक्यात, पदर तोंडाशी नेऊन म्हणून दाखवलं. हॉल खदखदून हसला. मग तिला थांबवेना. सरलाबाई भटूचा सदरा उशाशी घेऊन झोपतात, हेही तिने सांगून टाकलं. टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांतच तिला दाराजवळच्या खुर्चीवर सरलाबाई दिसल्या. नवी साडी नेसून आल्या होत्या. विजयानेच आग्रहाने बोलावलं होतं. सगळे हसत होते म्हणून त्याही हसत होत्या. पदर मात्र दोन्ही मुठींत घट्ट धरलेला.

पुढे आपण काय बोललो, हे विजयाला कधीच आठवलं नाही.

“अशाच बोलत राहा!” अध्यक्ष म्हणाले. “लोकांना हेच हवं असतं.” तिला मान वर करवेना. ती दारापाशी पोचेपर्यंत सरलाबाई निघून गेल्या होत्या.

रविवारी ती नवागामला गेली. सरलाबाईंनी स्टोव्हवर चहा टाकला.

“माझं चुकलं,” विजया कशीबशी म्हणाली. “तुम्ही विश्वासाने सांगितलेलं...”

“जाऊ द्या ताई. लोक केवढे हसले!” सरलाबाई चहाकडेच बघत होत्या. “फक्त यांच्या कानावर जाऊ देऊ नका.”

फळीवर भटूचं निळं आंतर्देशीय पत्र होतं, न फोडलेलं.

“वाचून देऊ?”

“नको. शेजारच्या मंगलाबाई वाचतात, लिहितातही. आता खुशालीच तेवढी कळवायची, म्हटलं.”

विजयाने कप खाली ठेवला. तिला उठवेनाही आणि बसवेनाही.