अंगठ्याएवढं खोड

चार दिवसांसाठी म्हणून महामाया गावी, देऊळघाटला आली, त्याला आता सहा वर्षं झाली. आई, जनकाबाई, अंथरुणाला खिळलेली आणि मायाशिवाय कुणाच्या हातचं घोटभर पाणीही न घेणारी. भाऊ पुण्याहून फोनवर फार काळजी करायचा. हिमाचलातलं जंगल मोजायचं मायाचं काम केव्हाच दुसऱ्याला गेलं. उरली ती पेटीतली एका खोडाची चकती, अंगठ्याएवढी.

ती आज बापाच्या हाती लागली. कचरूबाबांचा जन्म वनमजुरीत गेलेला; जाडी बघून झाडाचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तीन सालाचं रोप हाय," ते म्हणाले.

मायाने भिंग पुढे केलं. वर्षाला एक कडं. मोजता मोजता त्यांचा आवाज खाली गेला. एकेचाळीस.

"मंग वाढलं काऊन नाही?"

"फरच्या झाडाचं हाय, बाबा. वर पाइनचे मोठाले झाडं होते. त्यायच्या सावलीत पाइनचं सोताचं रोप मरते, फरचं नुसतं जीव धरून राह्यते. म्हातारे पाइन पडले का उजेड भेटते, अन् मंग सारं रान फरचं होते."

"अन् हे?"

"हे उभ्या उभ्या वाळलं. पाइन अजून हायेत."

आतून हाक आली. माया उठण्याआधीच कचरूबाबा तांब्या घेऊन आत गेले.

"तुमी काऊन आले? माया कुठं हाय?"

ते परत आले. तांब्या काठोकाठ तसाच होता. मायाच्या हातात देताना त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.