पाच गिअर आणि मधली जागा

दादाने इंजिन सुरू केलं, वहिनी खिडकीशी बसली आणि मी दार धरून बाहेरच उभी राहिले, कारण मला बसायला जागाच नव्हती. म्हणजे जागा होती, पण तिच्या मधोमध गिअरचा दांडा उभा होता. त्या दांड्याला घोळदार काळं रेक्झिनचं कव्हर होतं आणि ते मी माझ्या हाताने शिवलं होतं! संताप यायला माणसाला आणखी काय लागतं?

सगळं नीट सांगते, म्हणजे मी उगाच डोक्यात राख घालून घेतली असं कुणी म्हणायला नको.

ही गाडी बाबांची. जुना पिकअप, पुढे एक सलग बाक, मागे उघडा हौदा. गिअर तीनच, आणि त्यांचा दांडा स्टीअरिंगखाली, त्यामुळे पायाशी सगळं मोकळं. बाबा गेल्यावर गाडी दादाकडे आली आणि गाडीबरोबर मीही आले. मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम करते, पन्नाशी उलटली तरी दादा मला छोटीच म्हणतो. दर रविवारी आम्ही तिघं शहराबाहेर चक्कर मारतो. दादा चालवतो, वहिनी खिडकीशी, मी मधे. गेली वीस वर्षं हे असंच. बाकाच्या मधल्या स्प्रिंगा माझ्या वजनाने खाली गेल्या आहेत, खोटं वाटत असेल तर कुणीही हात लावून बघावं.

तीन गिअरवर मोठ्या रस्त्याला लागलं की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. म्हणून दादाने पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचं काढलं. भंगारात एक चांगला मिळाला. सगळ्यात जास्त उत्साह कुणाला? मला! जुने नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतले मी. नवा गिअरबॉक्स जुन्या इंजिनाला जुळेना, तेव्हा मधे घालायची जाड पट्टी करून घ्यायला लेथवाल्याकडे खेटे घातले मी. जॅकवर तोललेला तो धोंडा इंजिनाला भिडवताना दादा गाडीखाली घामाघूम होऊन शिव्या घालत होता, तेव्हा मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवत कोण होतं? मीच. तो खट्कन आत बसला तेव्हा मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

नव्या गिअरबॉक्सचा दांडा खालून वर येतो, म्हणजे पत्र्याला भोक पाडायला हवं. माप घेणं हा माझा हातखंडा. मी पुठ्ठ्याचा नमुना कापला, खडूने गोल आखला, आणि लेथवाल्याने बरोब्बर त्यावरून पत्रा कापला. बाक तेव्हा काढून बाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता. मी पत्र्याचं माप घेतलं, बसणाऱ्याचं घ्यायचं राहिलं. आजवर माणूस समोर उभा केल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावली नाही, आणि इथे माझीच जागा मी कापून दिली.

"अगं, तू मागे हौद्यात बस ना," दादा म्हणाला. "छान हवा लागेल."

"हवा? मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

"आता झालं ते झालं. कुणाच्या लक्षात आलं होतं?"

पहिली चक्कर बघायला लेथवालाही आला होता. तो बिचारा सरळ माणूस. "असं कसं?" तो दादाला म्हणाला. "मी विचारलं होतं की तुम्हाला. मधे माणूस बसत असेल तर दांडा वाकवून पुढे घेऊ म्हटलं. तुम्हीच म्हणालात, मधे कोणी बसत नाही."

दादा एकदम काचेवरची धूळ पुसायला लागला.

"कोणी बसत नाही?" माझा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असेल. "मग वीस वर्षं तिथे काय भूत बसायचं? तुला रस्ता कोण सांगायचं? डुलकी लागली की चिमटा कोण काढायचं?"

लेथवाल्याने काढता पाय घेतला. बोलली ती वहिनी.

"वन्सं, त्यांना ओरडू नका. मीच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

"की रविवारचे दोन तास आमच्या मधे कोणी नको." तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. "वीस वर्षं मी खिडकीबाहेर बघतेय. हे काही बोलले की उत्तर तुम्ही देता. मी काही बोलले की हे तुमच्याकडे बघतात. मला यांच्याशेजारी बसायचं होतं, बस."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगणारच होते. हे म्हणाले, तू नको, मी बोलतो छोटीशी."

मी दादाकडे बघितलं. तो अजून काच पुसत होता, आणि काच केव्हाच स्वच्छ झाली होती. एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून या माणसाने अख्खा गिअरबॉक्स बदलला! वर ते सगळं माझ्याच हातून करून घेतलं. मला सांगितलं असतं तर मी चिडले असते, भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता. पण मग रविवारी आपणहून घरी राहिले असते. वहिनीचा मला राग आला नाही असं नाही. आला, चांगलाच आला. पण ती जे म्हणाली त्यात खोटं काय होतं, ते काही मला शोधून सापडेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

"चला आता," दादा पुटपुटला. "ऊन चढतंय. छोटी, तू मागे चढतेस ना?"

मी वहिनीच्या बाजूचं दार धाडकन लावलं. ती दचकून खिडकीला आणखीच चिकटली. वीस वर्षांची सवय.

"तिथे काय बसलीस?" मी खेकसले. "आत सरक."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाकावरून आत सरकली, गुडघा दांड्याला लागेपर्यंत. दादाने पहिला गिअर टाकला. कुठे खरखर नाही, अडकणं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, मी अंगणातच राहिले.

वहिनी परत आल्यावर मी तिला विचारलं, पाचवा गिअर कसा पडतो. लोण्यासारखा, ती म्हणाली. दादाशी मात्र मी अजून बोललेले नाही. आधी त्याने तोंड उघडावं.